माझ्या लेकीची कलामाय

मागच्या आठवड्यात मी अख्ख्या भजनमंडळासोबत एका मिठाईचा जयजयकार करून आले... हसा, पण आधी पूर्ण वाचा.

माझी मुलगी वैष्णवी फिलिपिन्सला डॉक्टरकी शिकते, दुसरं वर्ष आहे. आमच्या मुर्री गावच्या घरात अंडंही येत नाही, आणि तिकडे म्हणे भाजीतसुद्धा मासा नाहीतर मांस असतंच. पोरगी भात-केळी खाऊन दिवस काढत होती.

मला सांगायची नाही. व्हिडिओवर गळ्याची हाडं दिसायला लागली तेव्हा खोदून विचारलं, तर म्हणाली रक्त कमी भरलं, गोळ्या सुरू आहेत... त्या दिवसापासून माझं एकच. परत ये बाई, डॉक्टर नाही झालीस तरी चालेल.

तिचे बाबा म्हणत, थोडं थांबू. ती म्हणे, परीक्षा होऊ दे. शेवटी ठरलं की परीक्षा झाली की काय तो निर्णय घ्यायचा.

अशात सोमवारी तिचा फोन आला. रेंज नव्हती, आवाज तुटत होता. "मम्मी, टेन्शन नको घेऊ... आता रोज कलामाय आहे ना... लोला देते..." आणि फोन कटला.

मी ऐकलं, कालीमाय!

म्हणजे तिथेही देवीचं ठाणं आहे आणि लोला नावाची कोणी पुजारीण रोज प्रसाद देते. माझ्या अंगावर काटाच आला. संध्याकाळी नारळ घेऊन मातामायच्या देवळात गेले आणि भजनाच्या सगळ्या बायांना सांगितलं. शेजारच्या लताकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "पाहा वं, समुद्रापारही माय लेकराले विसरत नाही." मग काय, जयजयकार... माझा आवाज सगळ्यात मोठा.

बुधवारी व्हिडिओ कॉल लागला. मी डोक्यावर पदर घेऊन, हात जोडूनच बसले. म्हटलं, "बेटा, आधी कालीमायचं दर्शन दे."

"कोणाचं?"

"कालीमायचं. ती लोला रोज प्रसाद देते ना?"

पोरगी हसतच सुटली. "मम्मी, कलामाय! ते खायचं असते!"

"देवीले खाते म्हणते काय वं!" मी ओरडलेच. आतून हे म्हणाले, "आता काऊन भांडून राहिली तिच्याशी?"

तेव्हा तिने कॅमेऱ्यासमोर अर्धी करवंटी धरली. आत गुळाच्या रंगाचा, हलव्यासारखा चकचकीत गोळा, वरून भाजलेले तीळ. हीच ती कलामाय. चिकट तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि गुळासारखी तपकिरी साखर, बस. तिकडची जुनी मिठाई आहे म्हणे.

आणि लोला म्हणजे त्यांच्या भाषेत आजी... तिची घरमालकीण. पोरीचं ताट रोज जसंच्या तसं परत येते हे त्या बाईच्या लक्षात आलं. तिने विचारलं, समजून घेतलं आणि बाजारातून एक नवी कढई आणली. त्या कढईत मासा-मांस शिजवत नाही. कलामाय त्यातच, मुगाची डाळही त्यातच.

तिला कोणी सांगितलं नव्हतं... तरी वेगळी कढई.

मी म्हटलं, गोड खाऊन रक्त कुठे वाढते का? तर आमच्या डॉक्टरीणबाईंनी क्लासच घेतला. तांदळाने ताकद येते, नारळाच्या दुधाने तिथे न मिळणाऱ्या तुपाची उणीव थोडी भरून निघते, तिळात कॅल्शियम आणि लोह असते. मैदा नाही की अंडं नाही. "पण मम्मी, हे औषध नाही हं. साखर भरपूर असते, म्हणून एकच तुकडा खाते. रक्तासाठी गोळ्या आहेत, डाळ आहे. पण या तुकड्यानं मला पुन्हा भूक लागायला लागली."

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी ठरवलं, हे आपणही करून पाहायचं.

रविवारी फोन डब्याला टेकवून उभा केला. आपल्याकडे नव्या तांदळाचा भात गचका होतो म्हणून आपण तांदूळ जुना करून खातो... इथे मात्र तो चिकटपणाच कामाचा. नवा तांदूळ भिजवून वाटला, देवळातून आलेल्या नारळांचं दूध काढलं, गूळ घातला आणि कढई गॅसवर ठेवून सराट्याने ढवळायला घेतलं. तिकडून लोला बघत होती. पिकलेले केस, गळ्यात क्रॉस, तोंडभर हसू.

मी दोन मिनिटं सराटा थांबवला की ती फोनमधून ओरडे, "हालुइन! हालुइन!" वैष्णवी अर्थ सांगायला गेली तर मी म्हटलं, राहू दे, हलव म्हणून राहिली ना? पोरगी चाट! खरंच तोच अर्थ निघाला.

तासभर हलवलं. खांदा भरून आला, पण गोळा कढई सोडायला लागला. तेव्हा लोलाने वैष्णवीला जवळ ओढलं, तिची बाही वर केली आणि दंड चिमटीत धरून मला दाखवला... बघ, भरली. मग गाल फुगवून दाखवले. मी सराटा हातात धरून रडत होते, आणि तिकडे तीही डोळे पुसत होती.

त्या दिवशी पहिल्यांदा मी लेकीला परत ये म्हटलं नाही. म्हटलं, नीट अभ्यास कर.

सकाळी दिवा लावताना मी घरातल्या प्रत्येकाचं नाव घेते. आता त्यात एक जास्त आहे. त्या बाईचं खरं नाव मला अजून माहीत नाही, लोला म्हणजे आजी एवढंच ठाऊक... देवाला तेवढं पुरते.