सडकेच्या अलीकडचे रोही

दुष्काळात आमच्या गावावरून सडक निघाली. मानोऱ्याकडून येणारी. मीही त्या कामावर होते. गिट्टी फोडली, घमेल्यानं माती वाहिली. भराव माणसाच्या डोक्याच्या वर गेला होता. त्याला लागणारी माती दोन्ही बाजूंनी खणून घेतली, म्हणून सडकेच्या कडेला सरळ कापल्यासारख्या खोल नाल्या झाल्या. त्याचं पुढं काय होईल हा विचार कोणी केला नाही. पोटाला मिळत होतं, तेवढं पुरे होतं.

सडकेच्या पलीकडं जंगल. अलीकडं आमचं शेत आणि शेताच्या खाली ओढा. आम्ही बौद्ध. सासऱ्याला सरकारनं दिलेली ती पडीक जमीन होती, ती त्यांनी दगड वेचून वाहितीला आणली होती. सडक होण्याआधी रोही, म्हणजे नीलगाई, पहाटे जंगलातून उतरायचे, आमच्या शेताच्या कोपऱ्यावरून ओढ्यावर जायचे आणि पाणी पिऊन परत वर चढायचे. जाता-येता पिकात तोंड घालायचे. तेवढं आम्ही त्यांचं धरूनच पेरायचो.

सडक झाली तेव्हा कळप अलीकडं होता. मोठा रोही नाली ओलांडेल, पिल्लाला ते जमत नाही, आणि पिल्लू मागं राहिलं की माद्या जात नाहीत. कळप आमच्याकडंच राहिला. हरभरा मुळापर्यंत खाल्ला. तुरीचे नुसते खुंट उरले.

मालक म्हणाले, "आनखी एक साल असं गेलं तर मी चाललो अकोल्याले. जिनिंगमधी काम भेटते."

"तुह्या बापानं दगडं काहून वेचले मंग?" सासू म्हणाली. "हवा खायाले?"

"रोह्यायले खाऊ घालाले," ते म्हणाले.

त्याच हिवाळ्यात कॉलेजातला एक साहेब आला. तरुण होता, चष्म्याचा. गावच्या शाळेत उतरला. जनावरं सडकेमुळं कुठं अडतात हे त्याला शोधायचं होतं. सडकेच्या इंजिनिअरनं त्याला सांगितलं होतं, की एका जागची नाली बुजवून भरावाला उतार करून देऊ, पण एकाच जागी. जागा तुम्ही दाखवा. जागा बरोबर निघाली तर कळप पलीकडं जाणार होता. आम्हाला त्याच्याशी मतलब होता, बाकी काही नाही.

त्यानं आमच्या ओट्यावर मोठा कागद पसरला. त्यावर चौकोन आखले. जंगल हिरवं, सडक लाल. चिंचोके मांडले आणि सासूच्या कवड्या मागून घेतल्या. एक चिंचोका म्हणजे एक रोही. कवड्या जशा पडतील तसा चिंचोका एक घर सरकवायचा. लाल रेघेशी आला, की पार जाईल का परत फिरेल, हेही कवड्याच ठरवायच्या.

"शिकून-सवरून कवड्या खेळून राह्यला बाप्पा," सासू म्हणाली. "लगन झालं का तुह्यं?"

"नाही, आजी."

"मंग बराबर आहे."

तो हसला. म्हणाला, "खऱ्या रोहींच्या मागं मी किती फिरणार? हे माझ्यासाठी फिरतात. पण खरे काय करतात ते आधी कळलं पाहिजे, नाहीतर हा नुसता खेळ."

ते कळावं म्हणून त्यानं सडकेच्या पायथ्याशी काही ठिकाणी मातीचे पट्टे केले. माती भुसभुशीत करून, चाळून पसरायची. संध्याकाळी खराट्यानं सारखी करायची. सकाळी खूर उमटलेले दिसतात : किती आले, किती चढले, किती परत फिरले. ज्याच्या शेताजवळ पट्टा, त्यानं तो राखायचा. आमच्या कोपऱ्यावरचा पट्टा रोहींच्या जुन्या वाटेवरच होता. तिथं रोज खूर असायचे. येऊन थांबलेले, मागं वळलेले.

मग माझे दिवस भरत आले आणि मी माहेरी गेले. पट्टा सासूकडं आला.

बाळ घेऊन परत आले तेव्हा शेताकडं गेले आणि पाहिलं. पट्टा सारवलेला होता. शेण आणि पांढरी माती कालवून, बोटांचे अर्धगोल उमटवून, अंगणासारखा. गावात सासूच्या सारवणाला नाव होतं.

"हे काय केलं, आत्याबाई?"

"साफ ठेवा म्हने. रोज सायेब येनार पाहाले, आन् अठी धुळ्ळा. लोकं काय म्हनतीन, हिले सारवता येत नाई?"

"खूर उमटले का?"

"नाई. कोनीच नाई आलं."

साहेबाला त्या दिवसांत ताप होता. तो शाळेतच पडून होता आणि पट्टे राखणारे सांगतील तेच ऐकत होता. आमच्या पट्ट्यावर कोणी येत नाही, हे त्यानं खरं धरलं. चिंचोके त्याप्रमाणं फिरवले आणि सगळ्यांत जास्त चिंचोके सडकेच्या पुढच्या वळणावर जमा झाले. ती जागा त्यानं इंजिनिअरला दाखवून टाकली होती.

बरा झाल्यावर तो शेतात आला. पट्ट्यापुढं उकिडवा बसला. नखानं सारवण उकरलं, खालची घट्ट माती पाहिली. मग बाजूच्या गवतातले रोहींच्या लेंड्यांचे ढीग पाहिले. ते ताजे होते.

"चांगलं झालं ना?" सासूनं विचारलं.

"छान सारवलं, आजी," तो म्हणाला.

तो इंजिनिअरकडं परत गेला. तोवर वळणावरची नाली बुजली होती आणि मजूर दुसऱ्या कामावर हलवले होते. तिथं उतार छान झाला. त्यावरून लोकांच्या बैलगाड्या उतरायला लागल्या. रोही तिकडं फिरकले नाहीत. साहेब काही दिवस आमच्याकडं आला, ओट्यावर बसला, चहा प्याला आणि मग गेला. सासूला कोणी काही सांगितलं नाही. सांगून नाली बुजणार नव्हती.

आम्ही परत हरभरा पेरला. घाटे धरायच्या आधीच तो गेला.

मालकांनी पेटी भरली. सासू चुलीपुढं बसून होती. म्हणाली, "सडक तं झाली. येता-जाता सोपं पडन तुले."

"हो," ते म्हणाले.

एस.टी. आमच्या शेतासमोरच थांबली. ते भराव चढून गेले. मी बाळ घेऊन खाली उभी होते. रडू आलं नाही. गाडी गेली. कळप ओढ्याच्या अंगाला होता, त्यानं गाडीकडं माना वळवून पाहिलं आणि परत चरायला लागला. पुढच्या साली शेत मी पेरलं नाही.