पास असताना रस्त्यानं

नाव: श्रीमती माया हिरालाल मेश्राम. पद: सहायक ग्रेड-दोन. वय: सेवापुस्तिकेप्रमाणे सेहेचाळीस, आईच्या सांगण्याप्रमाणे अठ्ठेचाळीस. मुख्यालय: रायपूर. पूर्वीचे राज्य: मध्य प्रदेश. सध्याचे राज्य: छत्तीसगड. स्थलांतर: नाही, बाई जागेवरच होत्या, राज्य बदलले. स्वतःचे वाहन: स्कूटर एक, बिनगियरची. सदर वाहनाचा आजवरचा पल्ला: घर ते कार्यालय, आणि रविवारी गोल बाजार. दौरा करण्याची क्षमता: सिद्ध झालेली नाही.

पुढे जे घडलं ते या शेवटच्या ओळीमुळे घडलं.

राज्य तेव्हा नुकतंच एक वर्षाचं झालं होतं. राजधानी म्हणून रायपूरला पाट्या मिळाल्या होत्या, माणसं यायची होती. वाटणीत ज्यांचं नाव छत्तीसगडकडे आलं, त्यांतल्या अनेकांना भोपाळ सोडायच्या वेळेलाच पाठदुखी सुरू झाली, आई आजारी पडली किंवा कोर्टाची स्थगिती मिळाली. खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि बढत्या वेळेआधी खाली गळू लागल्या. त्यांतली एक मायाबाईंच्या टेबलावर पडली. पद निरीक्षकाचं, काम गावोगावच्या सहकारी संस्था तपासायचं. खात्याचं नाव देत नाही. दिलं तर खातं खुलासा मागेल.

त्या खात्यात एक रीत होती. बाईला बढती आली की बडे बाबू भैय्यालाल नकाराचा मजकूर स्वतःच टाइप करून आणत. बाईनं विचार करण्याचे श्रमसुद्धा घेऊ नयेत, इतकी ती व्यवस्था सोयीची होती.

"मैडम, दौरे का काम है, इलाका कठिन है," भैय्यालाल म्हणाले. "दीवाली के बाद सोमवार को साइन कर दीजिएगा. सब लेडीज़ करती हैं."

"सोच के बताती हूँ, भैया."

हे उत्तर भैय्यालालांनी उभ्या नोकरीत ऐकलं नव्हतं. टायपिंगमध्ये काही चुकलं की काय, म्हणून त्यांनी कागद पुन्हा वाचून पाहिला.

घरी दुसरे अधिकारी होते. हिरालाल मेश्राम रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात फिटर. त्यांचे वडील रेल्वेत, आजोबा रेल्वेत. या घराच्या समजुतीप्रमाणे पृथ्वी रुळांच्या दोन्ही बाजूंनी वसलेली होती आणि मधे मधे सिग्नल होते. वर्षाला रेल्वेचे फुकट पास मिळायचे. पास असताना रस्त्यानं जाणं म्हणजे घरी जेवण तयार असताना दुसऱ्याच्या दारात ताट घेऊन उभं राहणं.

"बढती घे, पन दौरे कोन करन?" हिरालालनी विचारलं. "तुले गोल बाजाराच्या पुढं गाडी नेता येते का?"

"येते."

"मंग जाऊन दाखव नागपूरले. एकटी. गाडी चालवत. पोचली तर मी एक शब्द बोलनार नाही. नाही पोचली तर सोमवारी मुकाट्यानं सही कर."

"हव," मायाबाई म्हणाल्या. "पन मंग पलटू नोका."

हिरालाल हसले. त्यांच्या लेखी विषय संपला होता. मायाबाईंनी मात्र त्याच संध्याकाळी स्कूटरचं ऑइल बदलून घेतलं आणि वाटेत कोण कोण आहे ते आठवलं. दुर्गला शाळेतली मैत्रीण सुशीला. गोंदियाला लहानपणची शेजारीण कौतिका. नागपूरला नणंद पंचफुला. रस्ता हिरालालनीच सांगितला, वर न बघता, पाढा म्हणावा तसा: दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया, तुमसर, भंडारा रोड, कामठी, इतवारी, नागपूर. मायाबाईंनी तोच मनात धरला. त्यात काही चूक असेल, अशी शंका त्या घरात कोणालाच आली नसती.

सुट्टी लागली त्या सकाळी त्या निघाल्या. पहिला अडथळा दुर्गला भेटला आणि त्याचं नाव पाहुणचार होतं. चहाला थांबलेल्या मायाबाईंना सुशीलानं जेवायला बसवलं, जेवलेल्यांना झोपायला लावलं आणि उठल्यावर सांगितलं की आता अंधार पडते, सकाळी जा. सकाळी सुशीलाचे यजमान श्रीपादराव स्वेटर घालून अंगणात हजर.

"मी येतो राजनांदगावपर्यंत सोबत. माझ्या गाडीवर."

"भाऊजी, एकटीच जायचं ठरलं आहे."

"एकट्याच जा ना! मी मागं मागं राहीन."

श्रीपादरावांनी आपली गाडीही बाहेर काढली. पण नोव्हेंबरची सकाळ होती आणि श्रीपादरावांना मफलर बांधायचा होता. ते तो आधी कानांवरून घेत, मग हनुवटीखालून, मग काढून पुन्हा घेत. दुसऱ्या फेरीला मायाबाई निघाल्या. सुशीला दारातून ओरडली, "अहो, ती चालली!" श्रीपादराव मफलरातून काहीतरी म्हणाले. ते मायाबाईंपर्यंत कधी पोचलं नाही.

राजनांदगाव गेलं. सीमेवर बाघनदीच्या नाक्याला ट्रकांची रांग लागली होती. मायाबाई तिच्या कडेकडेनं महाराष्ट्रात शिरल्या. देवरीला चहा घेताना त्यांनी सहज विचारलं, "गोंदिया आता किती राहिलं, भाऊ?"

चहावाल्यानं केटली खाली ठेवली. "गोंदिया? ह्या रोडवर गोंदिया नाही लागत, बाई."

"लागत नाही कसं? डोंगरगडनंतर गोंदिया."

"डोंगरगड तरी लागलं का तुमाले?"

लागलं नव्हतं. ते मागेच लागायला हवं होतं, हे मायाबाईंना आत्ता जाणवलं. तीन पिढ्या ज्या नकाशावर प्रवास करत होत्या तो रुळांचा होता; रस्ता करणाऱ्यांनी मेश्रामांना न विचारता तो दुसरीकडूनच नेला होता. सरळ गेलं तर नागपूर. गोंदियासाठी उजवीकडे वळून आमगाववरून आडवाटेनं जायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच अंतर कापून पुन्हा याच रस्त्याला यायचं. कौतिकाला येते म्हणून कळवलेलं होतं; ती सकाळपासून पाटवड्या करून बसली होती. मायाबाई उजवीकडे वळल्या.

आमगावच्या अलीकडे गिट्टीवर चाक घसरलं. कोपर सोलवटलं, आरसा गेला. संध्याकाळी कौतिकाच्या क्वार्टरसमोर उतरल्या तेव्हा त्यांच्या हाताची बोटं मुठीतून सुटत नव्हती.

"काय व माया, हे काय करून घेतलंस!" कौतिकानं कोपराला हळद लावली. "काहून एवढा जिवाचा आटापिटा?"

मायाबाईंनी सगळं सांगितलं: बढती, पैज, सोमवार. कौतिकाचे यजमान पांडुरंग शेंडे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. ते गंभीरपणे ऐकत होते. बाईच्या जागी रेल्वेची अडचण असती तरी त्यांनी इतकंच गंभीरपणे ऐकलं असतं.

"वहिनी, सोपं आहे. गाडी मी पार्सलमधी टाकतो. तुमी सकाळच्या गाडीनं आरामात बसून जा. नागपूर स्टेशनवर उतरवा, तिथून चालवत नंदेच्या घरी. कोन पायते?"

मायाबाईंनी लगेच नाही म्हटलं नाही, हे इथे नोंदवलं पाहिजे. कोपर ठणकत होतं. त्या म्हणाल्या, "सकाळी पाहू, भाऊजी," आणि झोपल्या.

पांडुरंगरावांच्या नोकरीत सकाळी पाहू म्हणजे मंजूर. मायाबाई उठून अंगणात आल्या तेव्हा स्कूटरला कडबा लावून वर गोणपाट शिवलेलं होतं, आणि नियमाप्रमाणे टाकीतलं पेट्रोल काढून घेतलेलं होतं. पार्सल सोडवायला घरचा माणूस हवा, म्हणून पांडुरंगरावांनी रात्रीच रायपूरला हिरालालना फोनही केला होता: गाडी पार्सलनं येऊन राहिली, नागपूर स्टेशनवर सोडवून घ्या.

मायाबाईंनी गोणपाटाची शिलाई चाचपून पाहिली. मग आत जाऊन विळा घेऊन आल्या.

"वहिनी, पॅकिंग चांगलं झालं आहे," पांडुरंगराव म्हणाले.

"हो ना. म्हनून विळा लागला."

"अहो, तुमाले कोनं सांगतलं होतं हे?" कौतिका नवऱ्यावर कडाडली. "तिनं झोपेत म्हनलं, अन् तुमी बोचकं बांधलं तिचं!"

"नियम आहे तो, पेट्रोल काढाचा."

"मंग बसा ते पेट्रोल घेऊन!"

मायाबाईंनी शिलाई उसवली, कडबा काढला आणि कोरडी स्कूटर ढकलत पेट्रोलपंपाकडे चालू लागल्या. कौतिका मदतीला धावली तेव्हा त्या म्हणाल्या, "नको व. हात नको लावू. एकटीनं न्यायचं ठरलं आहे." कौतिका मग पदर खोचून नुसती बाजूनं चालली आणि वाटेतल्या प्रत्येकाला सांगत गेली की ही नागपूरला निघाली, गाडीवर, रायपूरहून.

गोरेगाव, कोहमारा, मग पुन्हा मोठा रस्ता. साकोलीपर्यंत जंगल होतं आणि ट्रक होते. पहिल्या दिवशी ट्रक आला की मायाबाई रस्ता सोडून खाली उतरत. लाखनीच्या आसपास त्यांच्या लक्षात आलं की बऱ्याच वेळात आपण खाली उतरलेलो नाही. भंडाऱ्याला वैनगंगेच्या पुलावर एका ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. मायाबाईंनी परत दिला. हँडलला अडकलेली गोणपाटाची चिंधी वाऱ्यावर फडफडत होती. त्यांनी ती तशीच राहू दिली.

नागपुरात इंदोऱ्याला पंचफुलाच्या दारात स्कूटर थांबली, तेव्हा पंचफुला आधी स्कूटरकडे पाहतच राहिली.

"वहिनी, तुमी इथं? अन् दादा सकाळपासून स्टेशनवर बसला आहे. रातच्या गाडीनं आला, पासवर. म्हने पैज जिंकली, गाडी सोडवून आणतो."

मायाबाई पाणीही न पिता स्टेशनकडे वळल्या.

पार्सलच्या खिडकीशी हिरालाल मेश्राम खात्यातल्या माणसाच्या हक्कानं भांडत होते. गोंदियाची गाडी आली, रिकामी झाली, स्कूटर निघाली नाही.

"असं कसं होईल? पांडुरंग शेंडेनं सोता पॅक केली! गाडी गहाळ झाली, मले लेखी तक्रार द्याची आहे!"

"भाऊ, चढलीच नाही तर उतरवू कोठून?" खिडकीतला बाबू कंटाळून म्हणाला. "कशी आहे गाडी? वर्णन सांगा."

"निळी. बिनगियरची. आरसे दोन."

"एकच आहे आता," मागून आवाज आला.

हिरालाल वळले. मायाबाई स्कूटरवर बसल्या होत्या, केसांत धूळ, कोपराला हळद. बाबूनं खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं.

"हीच का?"

हिरालालनी वाकून स्कूटरची चाकं पाहिली. त्यांवर लाल माती होती. ती पार्सलच्या ब्रेकव्हॅनमध्ये लागत नाही, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"रस्त्यानं आली?"

"मंग काय उडत येऊ? अन् तुमी सांगतलेला रस्ता रेल्वेचा होता. बसा मागं."

"मी आटो करतो."

"बसा म्हनलं ना."

बाबूनं तक्रारीचा कागद परत ओढून घेतला. हिरालाल पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि स्टेशनबाहेरच्या गर्दीतून इंदोऱ्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ठरलंच तसं होतं.

परत येताना ते पासवर आले आणि मायाबाई रस्त्यानं, सरळ रस्त्यानं. गोंदियाला कळवलं नाही. सोमवारी भैय्यालालनी नकाराचा मजकूर पुढे सरकवला, पेनही उघडून दिलं. मायाबाईंनी त्या पेनानं दुसऱ्या कागदावर लिहिलं की पदोन्नती मंजूर आहे, आणि खाली सही केली.

"मैडम, इलाका कठिन है," भैय्यालाल पुन्हा म्हणाले.

"देख लेंगे, भैया."

निरीक्षक म्हणून त्यांचा पहिला दौरा आरंगचा निघाला. त्या स्कूटरनं गेल्या. आरंगला रायपूरहून तशी दिवसभर बस मिळते.