आवाज नसलेले बुडबुडे

माझ्या भावजयीला बोलायचं म्हणजे अगदी जिवावर येतं. कपड्यांच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करते आणि तोंडातलं वाक्यही तसंच आखूड करून देते. मी तिच्या नेमकी उलट. माझ्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही.

माझा धाकटा भाऊ वेल्डर. धुराने त्याची छाती पार खाऊन टाकली. शेवटचं वर्ष खिडकीजवळच्या पलंगावर गेलं. नाकात ऑक्सिजनची नळी, उशाशी मशीन आणि मशीनच्या बाटलीत दिवसरात्र बुडबुडणारं पाणी. पायथ्याशी त्याचा फिश टँक. स्वतःला कूस बदलता येत नव्हती, पण माशांवर भारी जीव. "यांना सांभाळ," एवढंच तो बायकोला सांगून गेला.

महिन्याभराने मी गेले तर टँकमधलं पाणी गढूळ, मासे वर येऊन तोंडं उघडमीट करतायत, आणि फिल्टर बंद! माझं डोकंच फिरलं. "अगं, मारतेस की काय त्यांना?" म्हणत मी बटण दाबलं. पाणी बुडबुडायला लागलं मात्र, ही कानांवर हात ठेवून जी पळाली ती थेट जिन्यात.

"ताई, बंद करा ते. तो आवाज नको."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. अगदी त्या बाटलीसारखाच आवाज होता.

फिश टँकच्या दुकानदाराला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "फिल्टर नको असेल तर टँकमध्ये भरपूर जिवंत झाडं लावा. माशांची घाण हेच त्यांचं खत, पाणी साफ राहतं. पण उजेड हवा हं, नाहीतर झाडंच सडतील." मासे पाचच होते, तेवढ्यांना झाडं पुरली असती. मी झाडं आणली, वाळूत खोचली, उजेडाचं तिला दहादा बजावलं आणि घरी आले.

आठवड्याने बघते तर पानं काळी, लिबलिबीत. दोन मासे मेलेले. आणि खिडकीचा पडदा जसाच्या तसा ओढलेला.

"पडदा उघडायला काय धाड भरली होती तुला?"

"त्यांच्या डोळ्यांवर ऊन येतं ना, ताई."

पलंग रिकामा होता. चादर मात्र नीट ताणून घातलेली.

टँकमध्ये आणखी एक मासा आडवा व्हायला लागला होता. तिने त्याच्याकडे बघितलं, मग पलंगाकडे. उठली आणि स्वतःच्या हाताने पडदा सारला. ऊन थेट उशीवर पडलं. दोघी धाय मोकलून रडलो.

सडकी पानं काढली, थोडं पाणी बदललं, नवी झाडं लावली. या वेळी ती जगली. पाणी निवळलं, तिन्ही मासे तरले. आता भर दुपारी पानांवर बारीक बुडबुडे धरतात आणि सुटून वर जातात. आवाज मुळीच नाही. परवा ते बघताना मी म्हटलं, "झालं ना तुझ्या मनासारखं? आता तरी निवांत झोपत जा बाई."

ती टँकजवळ सरकली. मग म्हणाली, "त्या शेवटच्या रात्री बाटली वाजत होती, ताई. वाजतेय म्हणजे ते आहेत, असं धरून मी निवांत झोपले. सकाळीसुद्धा वाजतच होती."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती काचेला नाक लावून तिसरा मासा शोधत होती. तो पानाआड निपचित होता. तो हलेपर्यंत ती तिथून उठली नाही.