अण्णांचं सुती बोईसरात वाळलं नाही

अण्णांना घेऊन मी इचलकरंजीहून निघाले तेव्हा मे महिना सरत आला होता. रिक्षा दारात उभी होती आणि अण्णा मागाच्या शेडमध्ये गेले होते. माग आईच्या आजारपणातच काढून टाकले होते. शेडमध्ये सिमेंटवर पडलेले तेलाचे डाग तेवढे उरले होते. तरी अण्णा आत जाऊन बटणं बंद आहेत का ते पाहून आले, कडी लावली, आणि पत्र्याची पेटी स्वतः उचलून रिक्षात ठेवली. पेटीत सगळं सुती होतं. बंड्या, धोतरं, पंचे, आणि त्यांनी स्वतःच्या मागावर विणलेल्या दोन चादरी.

गल्लीतल्या तुम्ही सगळ्यांनी त्या दिवशी माझं कौतुक केलंत. आई गेल्यावर एकट्या बापाला लेक घेऊन चालली, म्हणून कुणी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, कुणी वाटेत खायला लाडू दिले. अण्णा दिवाळीनंतर परत का आले, हे तुम्ही मला अजून सरळ विचारलेलं नाही. फोनवर मला ते सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे. गाव सोडून माझ्यासारखे कुठल्यातरी कारखान्यांच्या वस्तीत जाऊन राहिलेले जे आहेत, त्यांनीही हे वाचावं.

मी बोईसरला आले ती लग्न होऊन. ह्यांची नोकरी तारापूर एमआयडीसीत, शिफ्टची. आम्ही सरावलीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मीही पुढे एका कारखान्यात पॅकिंगला लागले. इथे भाजीवाल्याशी हिंदी, वॉचमनशी हिंदी, सुपरवायझरशी हिंदी. आता माझ्याही तोंडी मराठी बोलता बोलता ‘टंकी फुल हो गयी’ येतं. मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि एक खोली मोकळी झाली. ती अण्णांची खोली झाली.

कापड कळायला मला शाळा लागली नव्हती. आमच्या घरात भाकरीवरसुद्धा रुईचे तंतू बसायचे. मागाच्या कांड्यांवर सूत भरता भरता आई सांगत राहायची. कोरं कापड शिवायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालायचं, म्हणजे जे आटायचं ते आधीच आटून जातं. रंगीत असेल तर उलटं करून सावलीत वाळवायचं. पिळताना जीव खाऊन पिळायचं नाही. खळ काढल्याशिवाय पेटीत ठेवायचं नाही, नाहीतर कसर लागते. आणि ओलसर असताना घडी तर कधीच घालायची नाही. हे सगळं मला पाठ होतं. पण इथे आल्यावर मी लवकर वाळणारं, इस्त्री न लागणारं घ्यायला लागले. कंपनीचा ड्रेस पॉलिस्टरचा, मशीन पॉलिस्टरवर खूष, आणि सकाळी साडेसहाला बस पकडणाऱ्या बाईला आणखी काय हवं असतं?

पाऊस लागला आणि अण्णांचं सुती वाळेना. आमच्याकडे इचलकरंजीला पावसातही वारा असतो. इथे समुद्र जवळ, हवा खारट आणि चिकट. दोन दिवस पंख्याखाली टाकलं तरी बंडीची शिवण ओलीच. अण्णा ते मशीनमध्ये टाकू द्यायचे नाहीत. सकाळी नळाला पाणी आलं की स्वतः धुवायचे, हलके पिळायचे, आणि गॅलरीच्या दोरीवर टाकायचे. ते पाणी खालच्या गॅलरीत ठिबकायचं. खाली पुष्पाताई राहतात, मूळच्या समुद्रकाठच्या मुरब्याच्या, मासळीच्या घरातल्या. स्वभावाने चांगल्या, पण त्या वर येऊन गेल्याच. आमचे वाळलेले कपडे परत भिजतात, तुमी जरा बघा, काकांना मात्र वाईट वाटू देऊ नका, एवढंच त्या म्हणाल्या. अण्णा आतल्या खोलीत होते. त्यांनी ते ऐकलं असणार.

त्या रविवारी मी बाजारातून त्यांच्यासाठी टेरिकॉटचे पायजमे आणि सदरे आणले. मशीनमधून काढले की तासाभरात वाळणारे. अण्णांनी बोटांच्या चिमटीत धरून कापड चोळून पाहिलं. जन्मभर कापड पाहिलेला माणूस, आता काहीतरी बोलणार असं मला वाटलं. पण “बरं हाय की,” एवढंच म्हणाले आणि घातले. बंड्या, धोतरं घडी करून पेटीत गेली. माझं सकाळचं काम हलकं झालं. अण्णांना इथलं मानवलं, असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं तेही त्याच दिवसांत.

गणपती गेले, ऑक्टोबरचं ऊन तापलं. अण्णा पंख्याखालून उठेनात. पावडरचा डबा पंधरा दिवसांत संपला तेव्हाही मला काही लक्षात आलं नाही. एका सुट्टीच्या दिवशी ते आंघोळीला गेले, टॉवेल न्यायला विसरले म्हणून मी द्यायला गेले, तेव्हा त्यांची पाठ दिसली. काखेपासून कमरेपर्यंत लाल चट्टे, खाजवून सोललेली कातडी. मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरांनी पाहिलं आणि घाम अडकून बुरशी धरली आहे, असं सांगितलं. मलम दिलं, गोळ्या दिल्या. आणि मला म्हणाले, यांना सैल सुती कपडे घाला, पूर्ण वाळलेले, इस्त्री फिरवलेले. इचलकरंजीच्या मागवाल्याच्या मुलीला हे दवाखान्यात कुणीतरी सांगावं लागलं.

रिक्षातून येताना मी अण्णांना विचारलं, इतके दिवस सांगितलं का नाही? ते बाहेर बघत होते.

“काय सांगायचं? तुझ्या घरात माझं वाळत घालायला जागा किती हाय, ते मला दिसतंय न्हवं.”

त्यात राग नव्हता. असता तर मी भांडले असते.

घरी येऊन पेटी उघडली. घाईत ओलसरच घड्या घातल्या गेल्या होत्या. बंड्यांवर काळे ठिपके, चादरींना कुबट वास. मी तिथेच फरशीवर बसून रडले. अण्णा चहा करून घेऊन आले आणि कप माझ्याजवळ ठेवून निघून गेले.

पुष्पाताईंना कळलं तेव्हा त्या वर आल्या. “तुमी सांगायचं ना. आमी काय परके हाय का?” असं म्हणत त्यांनीच सोसायटीच्या सेक्रेटरींकडून गच्चीची चावी आणली. पाण्याच्या टाक्यांमुळे गच्चीला नेहमी कुलूप असतं. त्या रविवारी मी, अण्णा आणि पुष्पाताई तिघांनी ठिपक्यांवर लिंबू आणि मीठ चोळलं, कपडे उन्हात पसरले, सुकले की पुन्हा ओले केले. दुपारपर्यंत बरेच ठिपके फिकटले. मग धुऊन, झटकून पुन्हा वाळत घातले. अण्णा पुष्पाताईंना विचारत होते, तुमच्याकडे मासळी वाळवताना पाऊस आला तर काय करता? आणि त्या हसून सगळं सांगत होत्या. अनेक महिन्यांत अण्णा एवढे बोलले नव्हते. मला वाटलं, जमलं. आता दर रविवारी गच्ची उघडून घ्यायची, बस.

संध्याकाळी मी बंड्यांना इस्त्री करत होते. अण्णा समोर खुर्चीवर बसले होते. दिवाळी झाली की मला गावाला सोड, म्हणाले.

मी इस्त्री उभी केली. काय कमी पडलं, असं विचारलं.

“कमी काय न्हाई. तू लई करतीस. पण तिथं मी कवा धुतलं, कुठं वाळत टाकलं, कुणाला इचारावं लागत न्हाई.”

मी पुष्कळ बोलले. जेवणाचं काय, आजारी पडलात तर काय, गल्लीतले काय म्हणतील. शेवटचं बोलले आणि मलाच लाज वाटली. अण्णांनी सगळ्याची उत्तरं आधीच ठरवली होती. जेवणाचा डबा शेजारच्या काकूंकडून, औषधाला चौकातला दवाखाना. रात्री शिफ्ट सुटून हे आले तेव्हा मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, जाऊ दे अण्णांना, मन मारून किती दिवस ठेवशील. मी अजून हट्ट करायला हवा होता. अण्णांचं मन वळलं असतं की नाही, ते मला माहीत नाही. पण मी चारपाच दिवसांतच कबूल झाले, आणि कबूल झाल्यावर खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. तुम्हाला सांगायला जड गेलं ते हे.

भाऊबीज झाल्यावर मी त्यांना सोडून आले. दोन दिवस राहिले, भांडी घासली, जाळी काढली. निघताना अण्णा दारात होते. पाठ आता बरी होती. 

परतीच्या एसटीत बसले आणि मला झोप लागली. कित्येक महिन्यांत इतकी गाढ झोप लागली नव्हती. पुणं कधी गेलं, ठाणं कधी गेलं, कळलं नाही. बापाला एकटं ठेवून आलेल्या बाईला अशी झोप यावी याचं मला अजून नवल वाटतं, आणि बरं वाटत नाही. चिल्हार फाट्याला गाडी वळली तेव्हा जाग आली. कारखान्यांकडून येणारा ओळखीचा वास खिडकीतून आत आला. ह्यांचा फोन आला, कुठवर आलीस?

“घरी पोचतेच अर्ध्या तासात,” मी म्हणाले.

फोन ठेवला आणि मग ते शब्द मला ऐकू आले. इतकी वर्षं मी इचलकरंजीला घर म्हणायचे आणि सरावलीला ‘रूमवर’. त्या दिवशी जीभ जराही अडखळली नाही. घर आता इथे आहे, गल्लीतल्या माझ्या माणसांनो. अण्णांसाठी मला त्यात जागा करता आली नाही, तरीही ते इथेच आहे.