मी गावात नव्हतो, हे सांगणारं कोण?

मध्यंतरी तहसील कचेरीत मला एक साधा प्रश्न विचारला... आणि त्याचं उत्तर शोधत मी गावभर फिरलो. तुम्ही गावात नव्हता, हे सांगणारं कुणी आहे का?

झालं असं. चौसाळ्याच्या अलीकडं आमचं लहानसं गाव. मी रंगारी. लुगडी-पागोटी रंगवायची आणि नदीकाठच्या पडीक जागेवर हंतरून वाळवायची, हे बापजाद्यांपासून चालत आलेलं काम. जागा सरकारी, पण तिथं दुसरं कुणी फिरकत नसे.

भाद्रपदात बायको गेली. मूलबाळ नाही... रंगाचं भिजलेलं लुगडं पिळायला दोन टोकांना दोन माणसं लागतात. एक टोक हातात धरून मी उभाच राहायचो. शेवटी सगळ्यांना सांगून टाकलं, यंदा दसऱ्याचं काम घेणार नाही.

मग कुणी यायचं कारणच उरलं नाही. एके दिवशी दाराला कडी घातली आणि बहिणीकडं दिंद्रुडला गेलो. दोन दिवसांसाठी गेलतो, दिवाळी उलटली तरी तिथंच... जेवताना शेजारी कुणीतरी बसलेलं असायचं, एवढंच कारण.

परत आलो तर माझ्या वाळवणीच्या जागेवर चुना फासलेले दगड रोवलेले. पाटलांकडं गेलो. ते म्हणाले, तिथं आता जनावरांचा बाजार भरणार, तालुक्याहून हुकूम झालाय. जनावरांच्या खुरांखाली आणि शेणात ओलं कापड कुठं हंतरणार? माझं काम तिथंच संपलं होतं.

पाटलांनी सगळं नीट समजावून सांगितलं. गावात हलगी वाजवून दवंडी दिली होती, चावडीवर जाहीरनामा लावला होता. कुणाला हरकत असली तर मुदतीच्या आत कचेरीत उजर द्यायचा होता... ती मुदत दिवाळीच्या आधीच सरली.

मी म्हटलं, मी गावात नव्हतोच. पाटील माझ्याकडं बघत राहिले. "असं कावून म्हनता? तुमी तर हितंच होता की."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं... तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी कचेरी गाठली. साहेबांपुढं कागद मांडणारे पेशकार भले माणूस. ते म्हणाले, मुदत गेली की उजर घेत नाहीत. पण माणूस खरोखर परगावी असला, दवंडी त्याच्या कानावरच गेली नसली, तर साहेब ऐकून घेतात. फक्त तुमच्या गावचं कुणीतरी साहेबांपुढं शपथेवर तसं सांगायला हवं. बहिणीची साक्ष चालायची नाही, नात्यातली पडते.

मला वाटलं, ही काय अवघड गोष्ट... गाव सांगेल.

वाणी म्हणाला, मधी एकदा मीठ नेलं न्हवं तुमी? शेजारचा सुतार म्हणाला, दुःखात हायेत, आत बसून असतील, म्हणून हाक मारली न्हाई. देवळातल्या गुरवाला तर मी दसऱ्याला सोनं द्यायला आल्याचं आठवत होतं.

कुणी खोटं बोलत नव्हतं. गावाशी बोलणं-चालणं सगळं बायकोचं होतं, मी आपला रंगात बुडालेला. ती गेल्यावर माझं असणं काय आणि नसणं काय... कुणाला फरकच कळला नव्हता.

जागा हातची गेली असं धरून मी नदीवर जाऊन बसलो. पलीकडच्या काठावर, आमच्याच गावच्या शिवारात, हमीदाबीची सीताफळांची बाग. माझ्याहून वयानं मोठी, राखणीला तिथंच झोपडी करून राहते. इतकी वर्षं समोरासमोर काम केलं, पण आम्ही एका शब्दानं कधी बोललो नव्हतो.

ती पाण्याशी आली. हातातली घागर तशीच धरून तिनं विचारलं, "कुठं गेलता भाऊ?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारतेय.

"दसरा गेला, दिवाळी गेली, तुमच्या काठाला येक रंग दिसला न्हाई," ती म्हणाली. "पयले भाबी गेली. मला वाटलं, मागून तुमी बी गेला. मी दुवा मागितली तुमच्यासाठी."

मी तिथंच रडलो. बायको गेल्यावर पहिल्यांदा... तिनं रिकामी घागर खाली टेकवली आणि तिथंच थांबली.

साहेबांपुढं पेशी लागली, तेव्हा हमीदाबी माझ्यासोबत बैलगाडीतून आली. साहेबांनी विचारलं, कशावरून सांगता? ती म्हणाली, बागेत फळ धरल्यावर मी जागची हलत न्हाई, समोर दुसरं काय बघनार... ह्या दिसांत तिथं लाल-पिवळं हंतरलेलं असतंय, यंदा नुसती माती होती.

साहेबांनी माझा उजर ऐकून घेतला. मग स्वतः जागा बघायला आले. बाजाराचा हुकूम काही फिरला नाही, पण दगड उपटून जागेतून जाणाऱ्या पायवाटेच्या वरच्या अंगाला रोवले. चढाकडचा तुकडा माझ्या हातून गेला, पाण्यालगतचा राहिला. लुगड्याचं एक टोक खुंटाला अडकवून पिळणाऱ्या एकट्या माणसाला तेवढा पुरतो.

काल नेकनूरला जायचं होतं. दाराला कडी घातली, आणि वाट सोडून आधी नदीकडं वळलो. पलीकडं हाळी दिली, सांजच्याला येतो म्हणून.

झाडांतून आवाज आला, "बरं हाय. संबाळून जावा."

किती दिवसांनी मी कुणालातरी सांगून घराबाहेर पडलो...