रांगोळीतलं ‘वाताशी’
दारात रांगोळी घालताना मला कोल्हापुरातला जपानीचा वर्ग हटकून आठवतो. पेठ वडगावहून येणारी एक नर्स माझ्या शेजारी बसायची. उच्चार तिचे खणखणीत, पण अक्षरं वहीच्या चौकोनात मावायचीच नाहीत. तिला जपानला नोकरीसाठी जायचं होतं आणि बाईंनी तर बजावलेलं, “अक्षर सुधारल्याशिवाय परीक्षेला बसवणार नाही.” दुसऱ्या दिवशी वर्गाच्या उंबऱ्याबाहेर रांगोळीनं ‘वाताशी’, म्हणजे ‘मी’, लिहिलेलं! तिन्ही जपानी अक्षरं काय देखणी, वळणदार! “बाई, म्या काढलंय की!” ती तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली. “पुसू नका कुणी,” म्हणत आमच्या कडक बाई चप्पल काढून, अक्षरांना वळसा घालून आत गेल्या. आजही ‘वाताशी’ लिहायचं म्हटलं, की पेन उचलण्याआधी माझी चिमूट हवेत फिरते.