लिंबाखालचा मंगळ

मंगळ ग्रहाला पहिला नारळ आमच्या अंगणात फुटला.

मी शिरूर कासारजवळच्या एका वाडीत राहतो. चित्रकलेचा मास्तर होतो, आता निवृत्त आहे. दिवाळी झाली की आमची वाडी ट्रॅक्टरांत बसून ऊस तोडायला निघून जाते. मागे उरतात म्हातारी माणसं, शेळ्या, कुलपं आणि मी. माझी बायको सुमन जाऊन तीन वर्षं झाली. तिच्यामागे घरात एवढी शांतता झाली, की फ्रीजची घरघर थांबली तरी मला करमेनासं व्हायचं. एकदा टीव्हीवरची बाई "नमस्कार" म्हणाली आणि मी उठून उभा राहिलो. हे मी चुकून लेकीला, अश्विनीला, सांगून बसलो. तिनं पुण्याहून फर्मान काढलं की अण्णा, उद्यापासून चित्रं काढायची.

माणसं काढावीत तर समोर बसायला कुणी नाही. म्हणून अवकाश काढायला घेतलं; आमच्याकडे तेवढंच मुबलक आहे. त्यातही अमूर्त! (अमूर्त चित्राचा फायदा असा, की कुठं चुकलंय ते कुणाला दाखवता येत नाही. काढणाऱ्यालासुद्धा.) वाळू, चुना, राख, बाजरीचा भुसा डिंकात कालवून फळीवर थापायचं आणि वाळलं की वर रंगाचे हात द्यायचे. बोट फिरवलं की खड्डे आणि टेंगळं लागली पाहिजेत. याला आम्ही कलावंत पोत म्हणतो. माझी पहिली आकाशगंगा शेजारच्या शेळीनं चाटून संपवली. तिच्यात भुसा जास्त झाला होता.

मग मंगळ घेतला. जुन्या टेबलाची गोल फळी होती, पोतही झकास जमला, पण नारिंगी रंग अर्ध्यातच संपला. रंगासाठी बीडला कोण जाणार? देवघरात सुमनची शेंदराची पुडी होती. दर शनिवारी ती मारुतीला शेंदूर लावायची. पुडी हातात घेतली खरी, पण बराच वेळ उघडवेना. शेवटी तेलात कालवून मंगळाला फासला. असा रंग मला तीस वर्षांत साधला नव्हता! फळी वाळायला अंगणातल्या लिंबाला टेकवली आणि जेवून आडवा झालो.

गोल, खडबडीत, शेंदूर लावलेली वस्तू झाडाखाली ठेवली तर आमच्या भागात तिचं काय होतं, हे कुणीही सांगेल. मला ते चार वाजता उठल्यावर कळलं. मंगळापुढे नारळ फुटला होता, उदबत्ती धुमसत होती आणि पलीकडच्या रखमामावशी हात जोडून बसल्या होत्या. त्यांचा मुलगा आणि सून कारखान्यावर गेलेले. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या सरकल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, उभे कावून? बसा की."

माझ्याच अंगणात मला बस म्हणणारं तीन वर्षांत कुणी भेटलं नव्हतं. मी बसलो.

दुसऱ्या दिवशी चार बाया आल्या, तिसऱ्या दिवशी सहा. सातवे किसनअप्पा काठी टेकत आले आणि देवाचा वार कोणता म्हणून विचारू लागले. मी मंगळवार सांगितला. (त्या आठवड्यात मी बोललेलं हे सगळ्यात खरं वाक्य.) कुणी नाव ठेवलं तांबडोबा. भाकरी-ठेचा येऊ लागला, गाऱ्हाणी येऊ लागली, सुनांची उणीदुणी निघू लागली. रोज कुंकवाची बोटं उमटत, उदबत्तीची काजळी धरे, नारळाचं पाणी ओघळे. माझं चित्र डोळ्यांदेखत बिघडत होतं आणि मी सगळ्यांना चहा विचारत होतो. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज वाटायचं, आजचा दिवस राहू दे.

इकडे अश्विनीनं मी तिला धाडलेला चित्राचा फोटो बीडच्या एका प्रदर्शनाला पाठवून दिला होता. चित्र निवडलं गेलं आणि रविवारी ती गाडी घेऊन हजर झाली. फळीला हात घालणार तोच रखमामावशी आडव्या आल्या. देवाला कुठं नेतेस म्हणून त्यांनी तिला विचारलं. अश्विनीनं माझ्याकडे पाहिलं, सगळ्या अंगणानं माझ्याकडे पाहिलं. कधी नव्हे तो मला वर्ग चालू असताना पाठीमागच्या बाकावर पकडलेल्या पोरासारखा घाम फुटला.

"देव नाही, मावशी," मी म्हणालो. "चित्र आहे. मीच काढलंय."

"मंग आदी सांगितलं कावून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुम्ही कुणी आला नसता."

मावशींनी पदर सावरला, फळीला शेवटचा नमस्कार केला (सवयीनं असेल) आणि निघून गेल्या. पाठोपाठ बाकीचेही गेले, आणि अश्विनी फळी घेऊन बीडला. दोन दिवस अंगणात कुणी फिरकलं नाही. मी सात जणांचा चहा टाकला आणि एकट्यानं प्यायलो.

प्रदर्शनात मात्र मंगळापुढे गर्दी. एक मोठे जाणकार भिंग काढून फळीवर वाकले. ग्रह त्यांना ठीकठाक वाटला. पण ही कुंकवाची बोटं, ही काजळी, हे ओघळ! हा पोत साधला कसा, असं त्यांनी मला विचारलं. आयुष्यभर मी पोरांना कागदाला बोटं लावली म्हणून छड्या मारल्या होत्या. मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "आमचा गट आहे. सात जणांचा."

परतल्यावर थेट मावशींच्या दारात गेलो. माफी मागितली आणि तुमच्या बोटांचं तिकडं कौतुक झालं, तेही सांगून टाकलं. त्या माझ्याकडे पाहत भाकरी थापत राहिल्या. तवा उतरवल्यावर म्हणाल्या, "घरी बसून आमाला तरी कुठं करमतंय? दुसरी फळी टेकवा, येतो आमी. फकस्त एक करा, गुरुजी."

"काय?"

"तुमी हात लावू नका."

तेव्हापासून आमच्या अंगणात अवकाश त्या सात जणांच्या ताब्यात आहे. माझ्याकडे चहाचं खातं दिलंय, आणि त्यातही साखर कमी पडते म्हणतात.